पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, गोळी की काडतूस? बातमीतला एक चुकीचा शब्द काय काय बदलतो?

२५ सप्टेंबर २०२४. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये मारला गेल्याला दोन दिवस झाले होते. तळोजा तुरुंगातून नेत असताना त्याने एका पोलीस अधिकाऱ्याचं शस्त्र हिसकावलं, गोळ्या झाडल्या आणि म्हणून स्वसंरक्षणासाठी त्याच्यावर गोळी झाडावी लागली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. या दोन दिवसांत बातम्यांमध्ये आणि सोशल मीडियावर त्या शस्त्राला कुठे पिस्तूल म्हटलं गेलं, कुठे रिव्हॉल्व्हर, तर कुठे नुसतीच बंदूक. वाचणाऱ्यांपैकी फारसं कुणी तिथे अडखळलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयात मात्र नेमका हाच मुद्दा निघाला. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने विचारलं की, प्रशिक्षण नसलेला माणूस पिस्तूल इतक्या सहज चालवेल कसा? रिव्हॉल्व्हर कुणीही चालवू शकेल, पण पिस्तुलाची स्लाइड मागे ओढायला ताकद लागते आणि सवयही, असा या प्रश्नांचा रोख होता. झटापटीत पिस्तूल अनलॉक झालं, अशी बाजू सरकारतर्फे मांडण्यात आली.

म्हणजे पोलिसांचं म्हणणं पटण्यासारखं आहे की नाही, हा अख्खा प्रश्न काही काळ एका शब्दावर येऊन थांबला होता. शस्त्र रिव्हॉल्व्हर असतं तर न्यायालयाचा हा प्रश्न उभाच राहिला नसता. ज्यांनी बातमीत ‘रिव्हॉल्व्हर’ वाचलं होतं, त्यांना न्यायालय एवढं का चिडलंय हे कळणं अवघडच होतं.

बंदुकांच्या बातम्यांमध्ये अशी सरमिसळ रोज होते. ‘गोळीच ती, काय फरक पडतो?’ असं वाटणं साहजिक आहे. पण त्या शब्दावरून गुन्ह्याचं कलम बदलतं, शिक्षा बदलते आणि कधी कधी कोण खरं बोलतंय याचं उत्तरही बदलतं. हे शब्द नेमके काय आहेत आणि ते चुकले की काय होतं, ते समजून घेऊया.

गोळी, काडतूस आणि पुंगळी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सुरुवात इथून.

बंदुकीत भरतात ते काडतूस. त्याचे चार भाग असतात. बाहेरचं धातूचं नळकांडं, तळाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि टोकाला बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर आघात होतो, दारू पेटते, त्यातून तयार झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. मागे उरतं ते रिकामं नळकांडं, म्हणजे पुंगळी.

मराठीत यासाठी नवे शब्द शोधावे लागत नाहीत. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘जिवंत काडतूस’ आणि ‘रिकामी पुंगळी’ असे शब्द वर्षानुवर्षं आहेत. जिवंत काडतूस म्हणजे अजून न झाडलेलं. पुंगळी म्हणजे गोळी झाडली गेल्याची खूण. या दोन्हींना आपण सरसकट ‘गोळ्या सापडल्या’ म्हणतो, तेव्हा इथे गोळीबार झाला होता की होणार होता, एवढा मोठा फरक पुसला जातो.

जगभर गाजलेलं एक उदाहरण बघा. ऑगस्ट २००७ मध्ये एएफपी या वृत्तसंस्थेने बगदादच्या सद्र सिटी भागातलं एक छायाचित्र प्रसिद्ध केलं. एक वृद्ध इराकी महिला हातात दोन ‘गोळ्या’ धरून उभी होती. सैन्याच्या छाप्यानंतर या गोळ्या आपल्या घरावर येऊन आदळल्या, असं तिचं म्हणणं असल्याची ओळ फोटोखाली होती. फोटो बघून अनेकांनी लगेच चूक दाखवली. तिच्या हातात होती ती अख्खी, न झाडलेली काडतुसं. पुंगळीसकट गोळी कुठल्याच बंदुकीतून सुटत नाही. ती काडतुसं कुणी हाताने फेकून मारली असती, तरच घरावर आदळली असती.

यावरून त्या भागात छापा पडलाच नाही किंवा त्या महिलेने काहीच सोसलं नाही, असं सिद्ध होत नाही. पण फोटो जे सांगत होता ते अशक्य होतं, आणि काडतूस कसं असतं एवढं माहीत असलेल्या कुणालाही ते एका नजरेत दिसलं असतं. फोटो काढण्यापासून प्रसिद्ध होण्यापर्यंतच्या वाटेत ते कुणालाच दिसलं नाही.

तपासातही गोळी आणि पुंगळी हे दोन वेगळे पुरावे असतात. रायफल आणि पिस्तुलाच्या नळीत आतून पीळ असतो. त्याच्या खुणा गोळीवर उमटतात. पुंगळीच्या तळाशी फायरिंग पिनची खूण राहते. शरीरातून काढलेली गोळी आणि जमिनीवर सापडलेली पुंगळी एकाच शस्त्राशी जुळते का, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा यावरून तपासते. बातमीत दोन्हींना ‘गोळी’ म्हटलं, तर नेमकं काय जुळलं आणि काय नाही, हे वाचणाऱ्याला कळायचा मार्ग उरत नाही.

पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि कट्टा

तिन्ही हातात मावणारी शस्त्रं. पण ती चालतात वेगवेगळी.

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणारं एक गोल सिलिंडर असतं. त्यात साधारण ५ किंवा ६ काडतुसं बसतात. चाप ओढला की सिलिंडर फिरून पुढचं काडतूस नळीसमोर येतं. झाडलेल्या पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात. त्या हाताने काढाव्या लागतात.

आजचं नेहमीचं पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक असतं. काडतुसं मुठीत बसणाऱ्या मॅगझीनमध्ये असतात. पहिलं काडतूस नळीत आणण्यासाठी वरची स्लाइड मागे ओढून सोडावी लागते. त्यानंतर प्रत्येक गोळीबरोबर रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडते आणि पुढचं काडतूस नळीत येतं. उच्च न्यायालयाने विचारलेला प्रश्न याच स्लाइडबद्दल होता.

गावठी कट्टा बहुतेक वेळा एकावेळी एकच काडतूस घेणारा असतो. एक गोळी झाडली की तो उघडायचा, पुंगळी काढायची, दुसरं काडतूस घालायचं आणि बंद करायचा. गावठी बनावटीचं मॅगझीनवालं पिस्तूलही मिळतं, पण ‘सापळा रचून गावठी कट्टा जप्त’ या ठरलेल्या मथळ्याखाली दोन्ही एकत्र जातात.

एवढं माहीत असलं की बातमीतली विसंगती स्वतःलाच दिसायला लागते. ‘रिव्हॉल्व्हरमधून गोळीबार, रस्त्यावर सहा पुंगळ्या’ असं वाचलं तर प्रश्न पडायला हवा. हल्लेखोराने तिथेच उभं राहून सिलिंडर रिकामं केलं का? की ते शस्त्र पिस्तूल होतं? ‘कट्ट्यातून अंदाधुंद गोळीबार’ असेल, तर हल्लेखोर एक होता की अनेक? मध्ये मध्ये थांबून काडतूस भरणाऱ्याला कुणी पाहिलं का? असे प्रश्न विचारायला शस्त्रतज्ज्ञ असावं लागत नाही.

आता आकड्यांबद्दल. ‘०.३२ बोअर’ म्हणजे नळीचा व्यास ढोबळमानाने ०.३२ इंच, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर. ‘९ एमएम’ हाही व्यासच, ते कुठल्या पिस्तुलाचं नाव नाही. पण ‘१२ बोअर’ हे माप वेगळं आहे. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे १२ गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याचा जो व्यास येईल तो १२ बोअर, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. आकडा लहान, पण नळी दुपटीपेक्षा रुंद. १२ बोअरची बंदूक आतून गुळगुळीत असते आणि तिच्या काडतुसात सहसा छर्रे असतात. तिला रायफल म्हणणं चूक आहे, कारण नळीत पीळ असतो तीच रायफल.

‘ऑटोमॅटिक’ म्हणताना थांबा

सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. दुसरी झाडायला चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये चाप दाबून धरला की मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात.

भारतात हा फरक थेट कायद्यात आहे. चापावरचा दाब काढेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशा रचनेचं शस्त्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘प्रतिबंधित शस्त्र’ ठरतं. २०१९ मधल्या दुरुस्तीनंतर असं शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षं कैद होऊ शकते. साधं विनापरवाना शस्त्र असेल, तर हीच शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षं आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासह पकडलेल्याला बातमीने ‘ऑटोमॅटिक शस्त्रासह अटक’ म्हटलं, तर त्याच्यावर कागदावर नसलेला आणि कितीतरी गंभीर आरोप बातमीनेच ठेवलेला असतो.

अमेरिकेत तर याच व्याख्येवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फिरला. १ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासमध्ये एका हॉटेलच्या खोलीतून खाली संगीत महोत्सवाच्या गर्दीवर गोळीबार झाला. या हल्ल्यातल्या मृतांची संख्या पुढे ६० वर गेली. हल्लेखोराने सेमी-ऑटोमॅटिक रायफलींना ‘बम्प स्टॉक’ नावाचं उपकरण लावलं होतं. बंदुकीच्या धक्क्याचा वापर करून ते चाप बोटावर वेगाने आदळवत राहतं, त्यामुळे गोळ्या जवळजवळ ऑटोमॅटिक बंदुकीसारख्या सुटतात. त्यानंतर सरकारने बम्प स्टॉक लावलेली रायफल ‘मशीन गन’ ठरवून त्यावर बंदी आणली.

१४ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही बंदी रद्द केली. १९३४ च्या कायद्यानुसार चापाच्या एका क्रियेत एकापेक्षा जास्त गोळ्या सुटल्या तरच ती मशीन गन. बम्प स्टॉकमध्ये प्रत्येक गोळीसाठी चाप पुन्हा मागे जातो, म्हणून ती मशीन गन नाही, असं बहुमताने म्हटलं. उरलेल्या तीन न्यायमूर्तींना हे वाचन फारच कोतं वाटलं. कोण बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण लास वेगासच्या बातम्या ‘मशीन गनने गोळीबार’ एवढ्यावरच वाचलेल्या माणसाला सात वर्षांनंतर हा वाद कशावरून झाला, याचा पत्ताही लागला नसता.

एके-५६ आणि एआर-१५: नावातला गोंधळ

एके-५६ हे नाव मराठी घराघरात पोहोचलं ते १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यामुळे. पण कलाश्निकोव्हच्या रशियन मालिकेत एके-५६ नावाची रायफल नाही. चीनने एके-४७ च्या धर्तीवर बनवलेली ‘टाइप ५६’ ही रायफल भारतात एके-५६ म्हणून ओळखली जाऊ लागली. बातम्यांमध्ये ती कधी एके-४७ होते, कधी एके-५६, आणि दोन्ही एकाच प्रकरणात.

या खटल्यातला अभिनेता संजय दत्तशी संबंधित भाग नीट सांगितला जाणं जास्त गरजेचं आहे. ‘बॉम्बस्फोटातला दोषी’ असं त्याच्याबद्दल आजही पोस्टमध्ये सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात टाडाखालच्या कटाच्या आरोपातून न्यायालयाने त्याला मुक्त केलं होतं. तो दोषी ठरला शस्त्र अधिनियमाखाली, एके-५६ रायफल आणि ९ एमएम पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल. टाडा न्यायालयाने दिलेली ६ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ५ वर्षांवर आणली. प्रतिबंधित शस्त्र बाळगण्यासाठी तेव्हाच्या कायद्यात तेवढी शिक्षा किमान होती. म्हणजे रायफल प्रतिबंधित वर्गातली असणं, हाच त्या शिक्षेचा पाया होता. ती शिक्षा कमी वाटते की जास्त, यावर प्रत्येकाचं मत असू शकतं. पण ते मत बनवताना आरोप कोणता होता हे तरी माहीत हवं.

अमेरिकी बातम्यांमधून येणारं दुसरं नाव एआर-१५. यातल्या ‘एआर’चा अर्थ ‘असॉल्ट रायफल’ असा सर्रास लावला जातो. खरं तर तो आर्मालाइट रायफल असा आहे, मूळ कंपनीच्या नावावरून आलेला. सैन्य वापरतं ती असॉल्ट रायफल निवडीनुसार ऑटोमॅटिक चालते. दुकानात मिळणारी एआर-१५ सेमी-ऑटोमॅटिक असते. ‘असॉल्ट वेपन’ ही संज्ञा तिसरीच. १९९४ ते २००४ या काळात लागू असलेल्या अमेरिकी कायद्यात ती होती आणि तिथे बंदुकीच्या विशिष्ट वैशिष्ट्यांवरून तिची व्याख्या केली होती. या शब्दांभोवती इतकं राजकारण साचलं की, २०२२ मध्ये असोसिएटेड प्रेसने पत्रकारांसाठीच्या आपल्या भाषाविषयक मार्गदर्शनात ते टाळून ‘सेमी-ऑटोमॅटिक रायफल’ असं सरळ वर्णन करण्याचा सल्ला दिला.

शब्द सौम्य असला तरी धोका असतोच

आतापर्यंतच्या उदाहरणांत चुकीच्या शब्दाने शस्त्र होतं त्यापेक्षा भयंकर वाटलं. उलटंही होतं.

जुलै २०१६ मध्ये बुऱ्हाण वाणी मारला गेल्यानंतर काश्मीरमध्ये मोठी निदर्शनं झाली. जमाव पांगवण्यासाठी सुरक्षा दलांनी ‘पेलेट गन’ वापरल्याच्या बातम्या आल्या. मराठीत त्याचं ‘छर्ऱ्याची बंदूक’ झालं. महाराष्ट्रात हे शब्द ऐकले की जत्रेत फुगे फोडायची एअर गन डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ती १२ बोअरची पंप-अ‍ॅक्शन शॉटगन होती. दारूच्या काडतुसातून एकाच वेळी शेकडो धातूचे छर्रे फेकणारी. ३२ दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे वापरल्याचं सीआरपीएफने ऑगस्ट २०१६ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाला सांगितलं होतं. अनेकांच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. ही बंदूक वापरणं योग्य होतं की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण ‘पेलेट गन’ ऐकून जत्रेतली बंदूक डोळ्यांसमोर येत असेल, तर लोकांचे डोळे का गेले हेच कळत नाही.

हॉलिवूडमधलं उदाहरण २१ ऑक्टोबर २०२१ चं. न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हातातल्या शस्त्रातून गोळी सुटली आणि छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. पहिल्या बातम्या होत्या ‘प्रॉप गन’च्या. म्हणजे सेटवरची खोटी बंदूक, असा अनेकांनी अर्थ घेतला आणि खोट्या बंदुकीने माणूस मरेल कसा, यावर तर्कवितर्क सुरू झाले. चित्रपटाच्या भाषेत प्रॉप म्हणजे दृश्यात वापरली जाणारी कोणतीही वस्तू. ते खरंखुरं रिव्हॉल्व्हर होतं आणि त्यात गोळी नसलेलं ‘ब्लँक’ किंवा निव्वळ दिखाऊ ‘डमी’ नव्हे, तर जिवंत काडतूस होतं. सेटवर जिवंत काडतूस आलं कसं, हाच खटल्याचा गाभा ठरला. सेटवरच्या शस्त्रांची जबाबदारी असलेल्या महिलेला मार्च २०२४ मध्ये दोषी ठरवलं गेलं. बाल्डविन यांच्यावरचा खटला त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द झाला.

मिसफायर, गोळीबार, चकमक: क्रियाही नीट सांगा

नामाइतकीच क्रियापदंही महत्त्वाची.

१ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी अभिनेता गोविंदाच्या पायाला गोळी लागल्याची बातमी आली. नुसतं ‘गोविंदाला गोळी लागली’ वाचून हल्ला झाला असं वाटणाऱ्यांचा दोष नव्हता. नंतर कळलं की, त्याच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून अपघाताने गोळी सुटली होती. मग शब्द आला ‘मिसफायर’. हाच शब्द ‘रस्ट’च्या बातम्यांतही होता.

पण मिसफायर म्हणजे याच्या नेमकं उलट. चाप ओढला, काडतुसावर आघात झाला आणि तरी गोळी सुटलीच नाही, तर ते मिसफायर. इच्छा नसताना गोळी सुटली, तर मराठीत सरळ ‘अपघाताने गोळी सुटली’ म्हणता येतं. ‘गोळी सुटली’, ‘गोळी झाडली’ आणि ‘गोळीबार केला’ यांत हेतूचा मोठा फरक आहे. ‘बंदूक मिसफायर झाली’ म्हटलं की दोष यंत्राचा वाटतो. ती बंदूक भरलेली का ठेवली होती, हा प्रश्न मागे पडतो.

‘हवेत गोळीबार’ही असाच. लग्नात, मिरवणुकीत वर झाडलेली गोळी कुठे ना कुठे खाली येतेच. २०१९ च्या दुरुस्तीत अशा गोळीबारासाठी २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद झाली आहे.

आणि ‘चकमक’. या शब्दात दोन्ही बाजूंनी गोळ्या झाडल्या गेल्याचं गृहीत आहे. बदलापूर प्रकरणातल्या मृत्यूला पहिल्या तासापासून चकमक म्हटलं गेलं. दोनच दिवसांत उच्च न्यायालयाने याला चकमक म्हणणं कठीण असल्याचं सुनावलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना या मृत्यूसाठी जबाबदार धरण्यात आलं. पिस्तुलावर मृत आरोपीच्या बोटांचे ठसे आढळले नसल्याचाही त्यात उल्लेख होता. त्यावरची कायदेशीर लढाई पुढेही सुरू राहिली. आरोपीबद्दल लोकांच्या मनात प्रचंड राग होता आणि तो समजण्यासारखा होता. पण जे सिद्ध व्हायचं होतं, ते ‘चकमक’ या शब्दाने आधीच सिद्ध झाल्यासारखं सांगून टाकलं.

या चुका होतात कशा?

बहुतेक वेळा कुणाचा वाईट हेतू नसतो. घटनास्थळी हवालदार ‘वेपन’ म्हणतो, फिर्यादीत ‘अग्निशस्त्र’ होतं, प्रेस नोटमध्ये ‘पिस्टल’, वार्ताहराच्या मेसेजमध्ये ‘गन’ आणि डेस्कवर त्याचं ‘बंदूक’ होतं. इंग्रजीतल्या ‘गन’मध्ये रिव्हॉल्व्हरपासून तोफेपर्यंत सगळं मावतं. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र ‘बंदूक’ म्हटलं की खांद्याला लावायचं लांब नळीचं शस्त्र उभं राहतं. त्यात वेबसाइटला चित्र लागतं, हाताशी असतो रायफलचा फोटो, आणि एका गोळीच्या कट्ट्याची बातमी एके-४७ च्या चित्राखाली फिरायला लागते. यंत्रभाषांतराच्या भरवशावर राहिलं, तर मॅगझीनचं ‘मासिक’ व्हायलाही वेळ लागत नाही.

पहिल्या तासातली घाई हे दुसरं कारण. शस्त्र जप्त होऊन तपासणीला जाईपर्यंत ते नेमकं काय होतं हे पोलिसांनाही पक्कं माहीत नसतं. अशा वेळी ‘शस्त्राचा प्रकार अजून स्पष्ट नाही’ हे वाक्य सगळ्यात प्रामाणिक असतं. बातमीत तेच सहसा सापडत नाही.

हा शब्दांचा कीस आहे का?

हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेत बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्याची एखादी संज्ञा चुकली की, ‘तुला एआरचा अर्थ माहीत नाही, तू बोलू नकोस’ म्हणून त्याला गप्प केलं जातं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला क्लिप आणि मॅगझीनमधला फरक विचारणं हा निर्दयपणाच आहे. संज्ञा चुकली म्हणून मृत्यू खोटा ठरत नाही. बोलायचा हक्क तर मुळीच जात नाही.

पण सामान्य माणसाने बोलताना केलेली चूक आणि लाखो लोकांपर्यंत जाणाऱ्या बातमीतली चूक यांना एकच माप लावता येत नाही. शिवाय चुकीचा शब्द बहुतेकदा पीडितांच्याच विरोधात वापरला जातो. बातमीतली एक संज्ञा खोटी निघाली की ‘सगळी बातमीच खोटी’ म्हणायला समोरचा मोकळा होतो.

शेअर करण्याआधी पाच गोष्टी बघा

१. फोटोत अख्खं काडतूस दिसतंय की रिकामी पुंगळी? अख्खं असेल, तर ते झाडलेलंच नाही.

२. बातमीत एकाच शस्त्राला दोन-तीन नावं आहेत का? असतील, तर लिहिणाऱ्यालाही नक्की माहीत नाही, असं धरून चाला.

३. शस्त्र आणि वर्णन जुळतंय का? एका गोळीचा कट्टा आणि ‘अंदाधुंद गोळीबार’, रिव्हॉल्व्हर आणि रस्ताभर पुंगळ्या, अशा जोड्या दिसल्या की थांबा.

४. बातमीसोबतचा फोटो त्याच घटनेचा आहे की ‘प्रातिनिधिक’? व्हिडिओ असेल तर जास्त काळजी घ्या. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून पुन्हा पुन्हा फिरवली गेली आहेत. २०२१ मध्ये पंजशीरमधला हल्ला म्हणून ती भारतीय वृत्तवाहिन्यांवरही झळकली होती.

५. ‘चकमक’, ‘स्वसंरक्षण’, ‘मिसफायर’ हे शब्द कुणाचे आहेत? पोलिसांचे, वकिलांचे की बातमी लिहिणाऱ्याचे? ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द गळले की दावा म्हणजे वस्तुस्थिती वाटायला लागते.

एक कल्पित मथळा घ्या: ‘भरचौकात बंदुकीतून अंदाधुंद गोळीबार, घटनास्थळी गोळ्या सापडल्या’. तो असाही लिहिता येतो: ‘भरचौकात गोळीबार, दोन रिकाम्या पुंगळ्या आणि एक जिवंत काडतूस जप्त, शस्त्राचा शोध सुरू’. दुसरा मथळा कमी सनसनाटी आहे. पण त्यावरून किमान दोन गोळ्या झाडल्या गेल्या, एक काडतूस न झाडलेलं सापडलं आणि शस्त्र अजून बाहेर कुणाच्या तरी हातात आहे, हे कळतं. त्या चौकातून रोज ये-जा करणाऱ्याला शेवटची गोष्ट माहीत असणं सगळ्यात गरजेचं आहे.